शिक्षक संघटना, महाराष्ट्रातील : वेतन व सेवाशर्ती

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांनी वेतन, नोकरीची शाश्वती आणि कामाचे स्वरूप यांसाठी उभारलेल्या संघटना व त्यांनी मिळवलेल्या हक्कांचा इतिहास. कारखान्यातील कामगार संघ मालकाशी करार करतो. महाराष्ट्रातील शिक्षक संघटनेचा मार्ग वेगळा आहे. तिची मागणी आधी मोर्चात, मग विधिमंडळात, मग मंत्रालयात आणि पुष्कळदा न्यायालयात फिरते, आणि ती पदरात पडली असे शासन निर्णय निघाल्यावरच म्हणता येते. त्यामुळे येथील एकेका लाभामागे दहा-वीस वर्षांचा पाठपुरावा दिसतो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी संस्थांनी वाढवले. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तेथील आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे देण्याचे व्रत घेतले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वीस वर्षांची सेवा पुरी केली. आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही यासह अनेक मतभेदांतून लोकमान्य टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्थाही अशाच निष्ठेवर उभी राहिली. या त्यागाचे मोल मोठे आहे. मात्र स्वेच्छेने केलेला हा त्याग पुढे पगारी शिक्षकाकडून सक्तीने मागितला जाऊ लागला. गुरुजींनी पगाराची भाषा बोलू नये, हा संकेत संस्थाचालकांच्या आणि शासनाच्याही सोयीचा होता. संघटनांची पहिली लढाई या संकेताशी झाली.

प्राथमिक शिक्षकांची वाट निराळी आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेथील शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी झाले. वेतनश्रेणी राज्य ठरवते, बदली आणि शिस्तीचे अधिकार जिल्ह्यात असतात. म्हणून महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक संघ किंवा प्राथमिक शिक्षक समिती यांसारख्या संघटनांची खरी ताकद तालुका शाखांत आहे. शिक्षकांच्या सहकारी पतपेढ्या आणि शिक्षक बँका या त्यांच्या जोडीच्या संस्था. मुलीच्या लग्नासाठी, घराच्या पायासाठी कर्ज देणारी पतपेढी शिक्षकाला संघटनेशी बांधून ठेवते. तिच्या निवडणुकीत निरनिराळ्या संघटनांची पॅनेल समोरासमोर उभी राहतात. त्यातून गटबाजी वाढली हे खरे, पण गावोगावच्या सभासदांना एकत्र आणणारी इतकी पक्की यंत्रणा फार थोड्या व्यवसायांकडे आहे.

नोकरीची शाश्वती : वेतनवाढीपेक्षाही मोठा विजय या बाबतीत मिळाला, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते. खाजगी शाळांतील शिक्षकाची नोकरी दीर्घकाळ संस्थाचालकाच्या मर्जीवर होती. एप्रिलअखेर सेवा संपवायची आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पगार वाचतो, ही रीत सर्रास होती. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवली जाई आणि नको असलेल्या शिक्षकाचा राजीनामा त्यावर तयार होई. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरी रक्कम, हाही अनुभव अनेकांचा. माध्यमिक शाळा संहितेत नियम होते, पण त्या संहितेला कायद्याचे बळ नव्हते. नियम मोडला तरी शिक्षकाला त्याच्या आधारे नोकरी परत मागणे कठीण जाई.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आला. तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी त्याखालील नियमावलीही लागू झाली. आजही शिक्षकांच्या बोलण्यात तो ‘एमईपीएस’ या इंग्रजी आद्याक्षरांनी येतो. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ समाधानकारक पार पडला की शिक्षक कायम होतो. कायम शिक्षकाला काढायचे तर रीतसर चौकशी लागते. चौकशी समितीत संस्थेचा एक प्रतिनिधी, शिक्षकाने सुचवलेला एक कर्मचारी आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील एक सदस्य असतो. बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते आणि न्यायाधिकरण शिक्षकाला मागील वेतनासह परत घेण्याचा आदेश देऊ शकते. राजीनाम्याविषयीचे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत लिहून, त्यावर तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली पाहिजे. कोऱ्या सह्यांचा सगळा इतिहास या एका अटीमागे उभा आहे.

कायदा झाल्यावर संघटनेचे काम संपले नाही, उलट ते रोजचे झाले. सेवाज्येष्ठतेची यादी बरोबर लावून घेणे, शिक्षणाधिकाऱ्याकडून वैयक्तिक मान्यता मिळवणे, न्यायाधिकरणात वकील देणे आणि निकालानंतर संस्थेला तो पाळायला लावणे, हे काम जिल्हा पातळीवरचे कार्यकर्ते शाळा सुटल्यावर करत आले. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, शिक्षक लोकशाही आघाडी (टीडीएफ), महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषद, शिक्षक भारती या संघटनांचा पाया अशा कामातूनच विस्तारला.

वेतन : कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षकांच्या वेतनश्रेणींत देशभर सुधारणा सुचवल्या आणि शिक्षक संघटनांना मान्यता द्यावी असेही म्हटले. महाराष्ट्रातील निर्णायक वळण मात्र १९७७-७८ च्या राज्यव्यापी संपाने आले. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा ही त्याची मुख्य मागणी होती. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील हा संप ५४ दिवस चालला आणि शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही त्यात उतरले. नंतर आलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारच्या काळात केंद्राप्रमाणे महागाई भत्ता देण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारले. या तत्त्वाचे महत्त्व एखाद्या घसघशीत पगारवाढीहून जास्त आहे, कारण त्यामुळे महागाई वाढली की वेतनही वाढण्याची वाट कायमची मोकळी झाली.

वेतन आयोगांचे लाभ पुढे याच धाग्याने आले. केंद्राने चौथा आयोग १९८६ पासून, पाचवा १९९६ पासून, सहावा २००६ पासून आणि सातवा २०१६ पासून लागू केला. राज्यातील शिक्षकांना तो दर वेळी उशिरा मिळाला. सातव्या आयोगाचे प्रत्यक्ष वेतन १ जानेवारी २०१९ पासून सुरू झाले आणि आधीच्या तीन वर्षांचा फरक हप्त्यांनी देण्याचे ठरले. ‘आयोग मिळाला, फरक राहिला’ ही स्थिती प्रत्येक पिढीतील शिक्षकाने अनुभवली आहे.

बढतीच्या जागा कमी, मुख्याध्यापकाचे पद शाळेत एकच. त्यामुळे उत्तम शिकवणारा शिक्षकही निवृत्तीपर्यंत त्याच श्रेणीत अडकून पडे. १९८३ मध्ये नेमलेल्या, प्रा. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगानंतर यावर तोडगा निघाला. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर, मर्यादित प्रमाणात, निवडश्रेणी. यांतील वरिष्ठ वेतनश्रेणीला शिक्षक आजही ‘चटोपाध्याय’ म्हणतात. आयोगाच्या अध्यक्षाचे नाव पगाराच्या श्रेणीला मिळावे, इतका हा लाभ घराघरात पोहोचला.

साधने व मर्यादा : संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेचे सुमारे एक-द्वादशांश सदस्य शिक्षक निवडून देतात. महाराष्ट्रात असे सात मतदारसंघ आहेत. मुंबई मतदारसंघातून शिक्षक भारतीचे कपिल पाटील २००६ पासून सलग तीन वेळा निवडून आले. प्रश्नोत्तराच्या तासात एका तालुक्यातील थकीत पगाराचा विषय मांडता येणे ही मोठी सोय आहे. पण या निवडणुकीत मत फक्त माध्यमिक व त्यावरील स्तरांवर शिकवणाऱ्यांना आहे. राज्यातील सर्वांत मोठा शिक्षकवर्ग, म्हणजे प्राथमिक शिक्षक, त्यातून वगळलेला आहे, आणि ही उणीव दूर करण्याची मागणी पूर्णपणे रास्त आहे.

मुंबईचे आझाद मैदान आणि हिवाळी अधिवेशनात नागपूर ही आंदोलनाची ठरलेली ठिकाणे. त्यापलीकडचे अस्त्र म्हणजे परीक्षाकामावर बहिष्कार. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट पात्रता नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न यांसाठी ‘एमफुक्टो’ या प्राध्यापक महासंघाने फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात तो वापरला. त्या वेळी विद्यार्थ्यांचे निकाल लांबण्याची भीती होती आणि पालकांची सहानुभूती आटली. बहिष्काराचा घाव प्रथम विद्यार्थ्यावर बसतो. ज्या संघटनांनी तो जपून वापरला त्यांचाच शब्द समाजात टिकला.

कायद्याची बाजूही शिक्षकांना फारशी अनुकूल नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाही. तमिळनाडूतील सामूहिक बडतर्फीच्या प्रकरणात २००३ साली त्याच न्यायालयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. त्या प्रकरणात शिक्षकही होते. न्यायालयात हरूनही हक्क मिळवता येतो याचे उदाहरण उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) आहे. अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांची संघटना २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. उपदान कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही असा निकाल लागला. त्याच निकालात कायदेमंडळाने विचार करावा असे सुचवले होते. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. शाळाचालकांनी या दुरुस्तीला दिलेले आव्हान २०२२ मध्ये फेटाळले गेले.

मागे राहिलेले : २००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करायचे. प्राथमिकला दरमहा ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयात ५,०००. पात्रता तीच, वर्ग तोच, काम पूर्ण. पुढे मानधन वाढले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० झाले. योजनेपूर्वीच्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून जी श्रेणी मिळत होती ती मात्र परत आली नाही.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. एका शिक्षकखोलीत शेजारी बसणाऱ्या दोघांचे म्हातारपण असे वेगळे झाले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली १४ ते २० मार्च २०२३ असा सात दिवस संप झाला. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. इतरांसाठी राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. ही संघटनांच्या मागणीहून कमी आहे.

सर्वांत कठीण अवस्था विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला, म्हणजे अनुदानाची आशा निर्माण झाली. पण अनुदान २० टक्के, मग ४० टक्के अशा टप्प्यांनी, मूल्यांकन आणि आर्थिक तरतुदीच्या अडथळ्यांतून येत राहिले. पूर्ण वेळ शिकवून, संध्याकाळी शेतात किंवा दुकानात काम करून घर चालवणारे बीएड झालेले शिक्षक महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले. मोठ्या, स्थिरावलेल्या संघटनांनी त्यांचा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत शेवटी ठेवला, ही या चळवळीची सर्वांत मोठी चूक आहे.

कामाचे स्वरूप : शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठेवले. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. तरीही मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज नवी ऑनलाइन माहिती यांत तास जातात. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी त्यातून आली. बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने ऑनलाइन पद्धत आणली, अवघड क्षेत्राची व्याख्या केली आणि वशिल्याला आळा घातला. संचमान्यतेच्या, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, १५ मार्च २०२४ च्या निकषांमुळे लहान शाळांतील पदे जातील या भीतीने प्राथमिक शिक्षकांनी २५ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. गावातली शाळा टिकावी म्हणूनही शिक्षक रस्त्यावर येऊ शकतात, हे पालकांनी लक्षात घ्यावे असे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. चार दशकांहून अधिक काळापूर्वी मिळवलेली नोकरीची शाश्वती या निकालाने पुन्हा चर्चेत आणली असून सर्वच संघटनांना त्यावर एकत्र यावे लागत आहे.