उड्डाणातून उमगलेली जमीन

साहित्याच्या वर्गात ‘अनुभवविश्व’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. लेखकाचे अनुभवविश्व समृद्ध, म्हणून त्याचे लेखन समृद्ध, हे वाक्य उत्तरपत्रिकांतून आम्ही इतक्यांदा तपासले आहे आणि त्याला इतक्यांदा गुण दिले आहेत, की त्यावर थांबून विचार करणे आम्हीच सोडून दिले होते. आंत्वान द सँतेक्झुपेरी (१९००–१९४४) या फ्रेंच वैमानिक-लेखकाचे आयुष्य या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. ‘ल प्ती प्रँस’चा (१९४३) लेखक म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. त्या कथेतला निवेदक वैमानिक वाळवंटात अडकलेला आहे, हेही आपण वाचतो आणि रूपक समजून पुढे जातो. त्यामागचा इतिहास मात्र रूपकाचा नाही, टपालाच्या थैल्यांचा आहे.

१९२६ साली सँतेक्झुपेरी तुलूझच्या लातेकोएर कंपनीत दाखल झाला. ही कंपनी फ्रान्सपासून पश्चिम आफ्रिकेतील डाकारपर्यंत विमानाने टपाल नेत असे. १९२७ मध्ये तिचे ‘एअरोपोस्ताल’ असे नामांतर झाले. विमाने पहिल्या महायुद्धातली, ब्रेगे-१४ बनावटीची, बैठक उघडी. वाटेत इंजिन बंद पडणे नित्याचेच. कंपनीचे व्यवस्थापक दिदिए दोरा नव्या वैमानिकाला आधी कार्यशाळेत इंजिने साफ करायला लावत. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री सँतेक्झुपेरी आपला अनुभवी सहकारी आंरी गियोमे याच्याकडे नकाशा घेऊन गेला. गियोमेने त्याला स्पेनचा भूगोल शिकवला, पण त्यात नगरे, नद्या, लोकसंख्या यांपैकी काही नव्हते. ग्वादीशजवळच्या एका शेताच्या कडेची तीन संत्र्याची झाडे, गवतात लपलेला एक ओहोळ, उतारावर चरणारी मेंढरे एवढेच होते. इंजिन बंद पडून तातडीने उतरावे लागले, तर माणसाचा जीव या गोष्टींवर अवलंबून असणार होता.

उंचावर गेलेल्या माणसाला जग क्षुद्र दिसू लागते, ही कल्पना आपल्याला कवितेतून मिळाली आहे. या वैमानिकांना आलेला अनुभव नेमका उलट होता. उड्डाणाने त्यांना प्रथम शिकवली ती जमीन. आणि तीही कोणत्याच नकाशाने नोंदवली नव्हती एवढ्या बारकाईने.

दुसरा धडा वाट पाहणाऱ्यांचा. १९३० च्या जून महिन्यात गियोमेचे विमान अँडीज पर्वतात बर्फाच्या वादळात सापडून कोसळले. तो पाच दिवस बर्फातून चालत राहिला. पडून राहावे, झोपावे, असे त्याला वाटलेच. पण प्रेत सापडले नाही, तर कायद्याने मृत्यू जाहीर होण्यास चार वर्षे लागतील आणि तोवर पत्नीला विम्याचे पैसे मिळणार नाहीत, हा हिशेब त्याच्या मनात आला. निदान समोरच्या खडकाशी जाऊन पडावे, म्हणजे उन्हाळ्यात देह सापडेल, म्हणून तो उठला; आणि उठल्यावर चालतच राहिला. ‘तेर देझोम’ (माणसांची पृथ्वी, १९३९) या पुस्तकात सँतेक्झुपेरीने ही हकीकत सांगितली, पण तिला शौर्यकथा होऊ दिले नाही. त्याच्या लेखी गियोमेचा मोठेपणा जबाबदारीच्या जाणिवेत होता. विम्याचा हा रुक्ष तपशील गाळला असता, तर परिच्छेद अधिक ‘उदात्त’ झाला असता आणि खोटाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. टपालाच्या थैलीची किंमत माणसाच्या जिवाएवढी असते काय? विमाने दिवसा जो वेळ वाचवीत तो रात्री थांबल्याने वाया जाई, कारण आगगाड्या आणि बोटी रात्रीही चालत. म्हणून दक्षिण अमेरिकेत रात्रीची उड्डाणे सुरू झाली. ‘व्हॉल द न्वी’ (रात्रीचे उड्डाण, १९३१) या कादंबरीतला प्रमुख रिव्हिएर (दोरा यांच्यावरून बेतलेला) हाच प्रश्न स्वतःला विचारतो. त्याला समाधानकारक उत्तर सापडत नाही आणि तो पुढच्या विमानाला निघण्याचा हुकूम देतो. या कादंबरीला फेमिना पुरस्कार मिळाला, त्याच १९३१ साली एअरोपोस्ताल कंपनी आर्थिक संकटात बुडाली. ज्या मार्गासाठी माणसे मेली त्याचा हिशेब ताळेबंदात असा मिटला.

१९३५ च्या डिसेंबरअखेरीस, पॅरिस–सायगाव विक्रमाच्या प्रयत्नात, सँतेक्झुपेरी आणि यंत्रज्ञ आंद्रे प्रेव्हो यांचे विमान रात्री लिबियाच्या वाळवंटात पठारावर आदळले. दोघे जिवंत राहिले, पण पाणी जवळजवळ नव्हतेच. अनेक दिवस मृगजळामागे भटकल्यावर एका बदाऊनी माणसाने त्यांना पाणी पाजले. या माणसाविषयी ‘तेर देझोम’मध्ये कृतज्ञतेने भारलेला मजकूर आहे; पण त्यात लेखक कबूल करतो की त्याचा चेहरा आपल्याला आठवणार नाही, तो आपल्यासाठी अवघी मानवजातच होता. आम्ही हा मजकूर वर्षानुवर्षे विश्वबंधुत्वाचा नमुना म्हणून शिकवला. आज तो वाचताना आम्ही अडखळतो. ग्वादीशच्या तीन झाडांची नोंद नेमकेपणाने ठेवणारा लेखक, प्राण वाचवणाऱ्या माणसाला मात्र ‘मानवजात’ या शब्दात विरघळवून टाकतो. हा मार्ग वसाहतींवरून जात होता, हे येथे विसरता येत नाही. खालची जमीन वैमानिकांना तपशिलाने ठाऊक होती. तिच्यावर राहणारी माणसे तितक्या तपशिलाने ठाऊक होतीच असे नाही.

म्हणून सँतेक्झुपेरी लहान ठरतो, असे आम्हांस म्हणायचे नाही. तपशिलाशी इमान राखण्याची कसोटी त्यानेच आपल्या हाती दिली आणि त्या कसोटीवर त्याचेही एक पान कमी पडते, एवढेच. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीसाठी निघालेला तो परतला नाही. त्याच्या विमानाचे अवशेष मार्सेयजवळच्या समुद्रात २००० साली सापडले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. यापुढे ‘अनुभवविश्व’ हा शब्द उत्तरपत्रिकेत आला, की समासात आम्ही एक प्रश्न लिहिणार आहोत: त्या विश्वात कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही?