‘जिस्ट’ची गाठ काढली, पण धोका टळला का? गाठ पुन्हा होण्याची कारणे आणि उपचार

जठर आणि आतड्याच्या भिंतीत होणारी ‘जिस्ट’ ही दुर्मीळ गाठ नेहमीच्या पोटाच्या कॅन्सरपेक्षा वेगळी असते. तिची सुरुवात आतड्याच्या हालचालीला लय देणाऱ्या ‘काहाल’ पेशींशी संबंधित पेशींतून होते. साधारण १० पैकी ६ गाठी जठरात, तर ३ लहान आतड्यात आढळतात. काळी शौच, रक्त कमी होऊन येणारा थकवा, पोटात जडपणा ही लक्षणे दिसतात. काही वेळा काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ सापडते.

शस्त्रक्रिया कशी होते?

गाठ न फोडता, आवरणासह पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार. ही गाठ लसिकाग्रंथींत क्वचितच पसरते, त्यामुळे त्या सहसा काढाव्या लागत नाहीत. गाठ फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि धोका खूप वाढतो. गाठ मोठी किंवा अवघड जागी असेल, तर आधी काही महिने गोळ्या देऊन ती लहान केली जाते.

पुन्हा होण्याचा धोका कुणाला?

चार गोष्टी पाहिल्या जातात: गाठीचा आकार, पेशी विभाजनाचा वेग, जागा आणि गाठ फुटली होती का. १० सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ जास्त धोक्याची मानतात. तेवढ्याच आकाराची गाठ जठरापेक्षा लहान आतड्यात असेल तर धोका अधिक. गाठ परत आली तर बहुधा यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर दिसते.

गोळी मध्येच बंद करू नका

जास्त धोका असलेल्यांना ऑपरेशननंतर इमॅटिनिबची गोळी, सहसा रोज ४०० मिलिग्रॅम, किमान ३ वर्षे देतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात १ वर्षापेक्षा ३ वर्षे गोळी घेणाऱ्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणे महागात पडते. काही जनुकीय प्रकारांवर मात्र ती चालत नाही, म्हणून गाठीची जनुकीय तपासणी आधी करावी. खर्चाच्या बाबतीत एक दिलासा आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतात स्वस्त जेनेरिक इमॅटिनिबची वाट मोकळी राहिली.

गाठ परत आली तर?

लगेच दुसरे ऑपरेशन हा नेहमीच उपाय नसतो. बहुतेकदा आधी गोळी सुरू करतात. रोग आटोक्यात असेल किंवा एखादीच गाठ वाढत असेल, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार होतो. सगळीकडे रोग वाढत असेल तर ऑपरेशनचा फायदा कमी. तेव्हा सुनिटिनिब, रेगोराफेनिब ही औषधे वापरतात.

फाईल जपून ठेवा

उपचारासाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजी रिपोर्ट, सीटी स्कॅनची सीडी सोबत ठेवावी. गाठीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाईड्सही लॅबमधून मागून घ्याव्यात. गोळी संपल्यावरही सीटी स्कॅन चुकवू नये, कारण ती बंद केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गाठ परतण्याची भीती सर्वाधिक असते.