ध्रुवीय स्थानकावरील खून : रहस्यपटाचे गृहीत आणि हॉल-प्रकरण

डॉमिनिक सेना यांनी दिग्दर्शित केलेला ‘व्हाइटआउट’ हा अमेरिकन रहस्यपट २००९ साली प्रदर्शित झाला. ग्रेग रुका व स्टीव्ह लीबर यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. दक्षिण ध्रुवावरील अमंडसेन-स्कॉट स्थानक, हिवाळ्यापूर्वी ते सोडून जाण्याची घाई, बर्फावर सापडलेले प्रेत आणि तपास करणारी एक स्त्री-मार्शल, ही त्याची सामग्री. चित्रपट म्हणून त्याची योग्यता बेताचीच आहे. तथापि या जातीच्या कथांचे मूळ गृहीत त्यात अगदी उघडे पडलेले दिसते. जागा बंदिस्त, माणसे मोजकी, पळून जाण्यास वाट नाही. तेव्हा खुनी त्यांच्यांतीलच कोणीतरी असणार आणि तो हाती लागणार. ध्रुवप्रदेशाचा इतिहास पाहू गेल्यास मात्र अनुभव नेमका उलट येतो. तेथील एकांत संशयितांची संख्या कमी करतो हे खरे; पण पुराव्याचे बळ तो त्याहून अधिक कमी करतो.

चार्ल्स फ्रान्सिस हॉल याचा मृत्यू हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. सिनसिनाटीत वृत्तपत्र चालविणारा हा गृहस्थ एस्किमो लोकांमध्ये काही वर्षे राहून आला होता. १८७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारच्या द्रव्यसाहाय्याने ‘पोलारिस’ हे जहाज घेऊन तो उत्तर ध्रुवाकडे निघाला. शास्त्रीय विभागाचा प्रमुख व जहाजावरील वैद्य एमिल बेसेल्स हा जर्मन होता. खलाशांतही जर्मनांचा भरणा मोठा. मोहिमेची अंतिम सूत्रे कोणाच्या हाती, हा वाद जहाज निघाल्यापासूनच धुमसत होता. ८२ अक्षांशापलीकडे मजल मारल्यावर जहाज ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्याशी हिवाळ्यासाठी थांबले. किनाऱ्यावर वेधशाळा उभी राहिली, आणि जहाजाचे रूपांतर एका ध्रुवीय स्थानकातच झाले म्हणावयास हरकत नाही.

२४ ऑक्टोबर १८७१ रोजी हॉल घसरगाडीच्या दौऱ्यावरून परतला, एक पेला कॉफी प्याला आणि लगेच आजारी पडला. वांत्या, अंगास बधिरपणा, मग वात. वाताच्या भरात तो एकामागून एक सोबत्यांवर विषप्रयोगाचा आरोप करू लागला, बेसेल्सवर विशेषतः. काही दिवस त्याने बेसेल्सचे औषध नाकारले, तेव्हा प्रकृती सुधारली. पुढे त्याने पुन्हा उपचार घेतले, आणि ८ नोव्हेंबर रोजी तो मरण पावला. शवपरीक्षा झाली नाही. गोठलेल्या भूमीत उथळ खड्डा खणून त्याला पुरण्यात आले.

चौकशी झाली ती दीड वर्षानंतर, आणि तीही हजारो मैल दूर. मध्यंतरी, ऑक्टोबर १८७२ मध्ये, वादळात १९ माणसे जहाजापासून तुटून एका हिमखंडावर वाहत गेली होती व सुमारे साडेसहा महिन्यांनी लॅब्राडोरच्या किनाऱ्याजवळ त्यांची सुटका झाली. अशा माणसांच्या जबान्या १८७३ साली नौदलमंत्र्यांपुढे नोंदविल्या गेल्या. हॉलच्या कागदपत्रांपैकी बराच भाग चौकशीपुढे येऊच शकला नाही. साक्षीदार तरी कोण? दोन हिवाळे ज्यांच्या हातचे अन्न खाल्ले व ज्यांच्या आज्ञा पाळल्या, त्यांच्याविषयीच बोलावे लागणारे लोक. कप्तान बडिंग्टन याचे मद्यपान व जहाजावरील बेशिस्त यांविषयी पुष्कळ जबान्या निघाल्या. कॉफी प्यायल्याने आपण आजारी पडलो असे हॉल म्हणाला होता, हे त्याचे एस्किमो सोबती एबियरबिंग आणि दुभाषी तूकूलितो यांच्या साक्षींतून नोंदले गेले. पण त्याचा माग कोणी फारसा काढलेला दिसत नाही. पक्षाघाताच्या झटक्याने नैसर्गिक मृत्यू, असा निर्णय देऊन प्रकरण मिटविण्यात आले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असा एक मुद्दा आहे. मृत्युशय्येवरील माणसाचे बोलणे हा न्यायालयात मोलाचा पुरावा मानला जातो. हॉलचे बोलणे मात्र पुरावा न राहता लक्षण ठरले: तो विषाचा आरोप करतो, अर्थात त्याला वात झाला आहे. बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार वैद्याकडे होता, आणि आरोप त्या वैद्यावरच होता. तिसरा वैद्य बोलावण्याची सोय मुंबईत असते, लंडनमध्ये असते. ग्रीनलंडच्या टोकाला नव्हती.

ऑगस्ट १९६८ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातील साहित्याचे प्राध्यापक चॉन्सी लूमिस यांनी हॉलची कबर उघडली. थंडीमुळे देह बराच टिकला होता. नखाच्या तुकड्याच्या टोरोंटो येथील परीक्षणात, मृत्यूपूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत शरीरात मोठ्या प्रमाणात सोमल गेल्याचे आढळले. सत्याण्णव वर्षांनी ‘लक्षण’ पुन्हा पुरावा झाले. पण कशाचा? सोमल हे त्या काळी अनेक औषधांत वापरले जाई. हॉलने स्वतःच ते घेतले असणेही अशक्य नाही. लूमिस यांनी संशयाचे बोट बेसेल्सकडे वळविले, परंतु खून सिद्ध झाला असे म्हटले नाही, आणि हा संयम त्यांच्या ग्रंथाचा मोठा गुण आहे.

हे सारे एकोणिसाव्या शतकातले, बिनतारी संदेशापूर्वीचे, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर त्याच दक्षिण ध्रुवावरील स्थानकाने दिले आहे. मे २००० मध्ये तेथे एक तरुण ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञ अचानक आजारी पडून मरण पावला. मृत्यू नैसर्गिक असावा असा प्रथम समज झाला. ध्रुवीय हिवाळ्यात विमान उतरू शकत नसल्याने प्रेत वसंतापर्यंत तेथेच ठेवावे लागले. ख्राइस्टचर्च येथील शवपरीक्षेत मिथेनॉलची विषबाधा उघड झाली, तोवर पाच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता, आणि हिवाळ्यात तेथे राहिलेली सुमारे ५० माणसे देशोदेशी पांगण्याच्या मार्गावर होती. ते मिथेनॉल त्याच्या शरीरात कसे गेले, हे २००८ साली निर्णय देणाऱ्या न्यूझीलंडच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्यालाही ठरविता आले नाही. संबंधित अमेरिकन संस्थांकडून पुरेशी माहिती मिळाली नाही, ही त्याची तक्रार निर्णयाबरोबर नोंदलेली आहे.