लिबर्टीतला ‘कशिश’ आणि माजलगावचा शिपाई

समलिंगी आणि तृतीयपंथी कलावंतांचा सोहळा बीडमध्ये भरत नाही. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये तिथे ‘कशिश’ चित्रपट महोत्सव सुरू केला. मराठी रंगभूमीला समलिंगी प्रेमाचा विषय तोवर नवा नव्हता. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्येच आलं होतं आणि त्यातली मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली होती.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं. आता हे लोक गप्प बसतील असं वाटावं, तर पुढच्याच मे महिन्यात ‘कशिश’ थेट लिबर्टीत! १९४९ सालचं, लाकडी नक्षीकामाचं ते जुनं दिमाखदार थिएटर. लपूनछपून करायच्या कार्यक्रमाला अशी जागा कुणी घेत नाही.

मे २०१८ मध्ये महोत्सव लिबर्टीतच होता. त्याच महिन्यात, तिथून फार लांब नसलेल्या सेंट जॉर्ज रुग्णालयात बीड जिल्ह्यातल्या माजलगावची एक महिला पोलीस शिपाई लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. आधी रजेचा अर्ज, मग नकार, मग उच्च न्यायालय. शेवटी सरकारची परवानगी. सप्टेंबरात ३७७ची धारही गेली. शिपाई मात्र त्याआधीच पुरुष म्हणून माजलगावात परतला होता, त्याच नोकरीवर.