नंबर लागणे

आमच्याकडे ॲडमिशन मिळत नाही, नंबर लागतो. एसटीत जागा मिळते, सोसायटीत कर्ज मिळतं, पण मेडिकलला नंबर 'लागतो', जसा बोअरला पाणी लागतं. लागलं तर लागलं. तेलगावच्या चौकात, जिथे बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता एकमेकांना भेटतात, तिथे जून-जुलैत कोणत्याही हॉटेलात बसा. कारखान्याची उचल, पाऊस आणि 'अमक्याच्या पोराचा नंबर लागंल का', हे तीनच विषय. मला आकड्यांचा नाद असल्यामुळे (दरवर्षीच्या कटऑफच्या याद्या मी जपून ठेवतो, बायकोच्या मते रद्दी) हा प्रश्न बऱ्याचदा माझ्याकडे येतो. उत्तर देता देता लक्षात आलं की या प्रश्नालाही एक इतिहास आहे. दर पिढीत शब्द तेच, हिशेब मात्र वेगळा.

आजोबांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या पोराला डॉक्टर व्हायचं तर आधी उर्दूत पारंगत व्हायचं आणि मग हैदराबाद गाठायचं. हुशारी त्यानंतर. सप्टेंबर 1948 नंतर चित्र बदललं. 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. 1956 ला तिथेच सरकारी मेडिकल कॉलेज आलं, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे आमच्या भागात 'नंबर' नावाची गोष्ट सुरू होऊन अजून पाऊणशे वर्षंही झालेली नाहीत. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचं आहे. हे शंभराहून अधिक वर्षांचं अंतर डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

वडिलांच्या पिढीचा हिशेब इंटर सायन्सच्या मार्कांवर चाले. अकरावीची मॅट्रिक, मग कॉलेज. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास म्हणजे पेढे. त्या काळी शक्यता सांगणं सोपं होतं, कारण स्पर्धेत माणसंच कमी. आमच्या भागातल्या मुलांपैकी सायन्सला जाणारी मोजकी, त्यातून पास होणारी आणखी मोजकी. वडील सांगायचे, "तेव्हा नंबर लागायचा का नाही हे परीक्षेवर नव्हतं रे, माजलगावला खोली करून राहायला बाप पैसे देईल का यावर होतं." सत्तरच्या दशकात आंबेजोगाईला ग्रामीण मेडिकल कॉलेज झालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. ज्या गावात स्वामीजींनी शाळेत शिकवलं, तिथेच. आमच्या गावातून सकाळी निघून दुपारी घरी जेवायला परत यावं इतकं ते जवळ. हाताच्या अंतरावर कॉलेज आलं आणि मग लोकांना खरी हाव सुटली (चांगल्या अर्थाने).

1975 ला दहावीची पहिली बॅच बाहेर पडली आणि 1977 ला बारावीची. इथून हिशेब बारावीच्या मार्कांवर आला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून तीनशे. या तीनशेने आमच्या पिढीला अक्षरशः पिळून काढलं. बोर्डाची गुणवत्ता यादी पेपरात यायची, फोटोत मुलाच्या तोंडात आई पेढा घालतेय, बाजूला वडील कडक इस्त्रीत. आणि मग लातूर सुरू झालं.

लातूर पॅटर्नवर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकतो. राजर्षी शाहू कॉलेज 1970 चं, प्राचार्य जनार्दन वाघमारे, नंतर इतर कॉलेजं आणि क्लासेस. सूत्र साधं: अभ्यासक्रम लवकर संपवा, मग सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, पेपर तपासून लगेच परत. त्याला घोकंपट्टीचा कारखाना म्हणणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटले मला. असेल. पण ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्याला 'सहज' येणारं असं काय असणार होतं? त्याला घोकूनच यायचं होतं. शहरातल्या मुलाला घरबसल्या जे मिळत होतं, ते लातूरने पैसे घेऊन का होईना, वाटायला सुरुवात केली. उसाच्या टोळीचा मुकादम, झेडपीचे मास्तर, दोन एकरवाला शेतकरी, सगळे लातूरला खोल्या शोधू लागले.

आता या इतिहासातला सगळ्यात विचित्र तुकडा. मला तर तो एखाद्या लोककथेसारखा वाटतो.

मराठवाडा मागास, इथल्या मुलांना मुंबईच्या मुलांशी स्पर्धा जमणार नाही, म्हणून जागा प्रदेशवार वाटाव्यात असं सरकारने ठरवलं होतं. तुम्ही कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलात त्यावर तुमचा प्रदेश. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं: निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1986. सगळ्याच जागा प्रदेशाच्या म्हणून राखता येणार नाहीत, फार तर सत्तर टक्के राखा, बाकीच्या तीस टक्के सर्वांना खुल्या ठेवा, असा त्या निकालाचा सारांश. हाच पुढे प्रसिद्ध झालेला 70:30 चा फॉर्म्युला. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असे तीन कप्पे.

सुरुवातीला ही भिंत आमच्या संरक्षणासाठी होती आणि तिने ते काम केलंही. पण भिंतीला आतलं-बाहेरचं कळत नाही. लातूर, नांदेड, औरंगाबादची मुलं मार्कांत वर सरकत गेली. भिंतीच्या आत गर्दी झाली आणि जागा? मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं कितीतरी वर्षं औरंगाबाद, आंबेजोगाई, नांदेड आणि 2002 नंतर लातूर, एवढीच. एकट्या मुंबईत सरकारी आणि महापालिकेची मिळून जवळपास तेवढी, वर पुणे, मिरज, सोलापूर, कोल्हापूर, धुळे. परिणाम असा की ज्या मार्कांवर पलीकडच्या मुलाचा नंबर लागायचा, त्याच मार्कांवर आमच्या मुलाचा लागायचा नाही. आणि प्रदेश ठरणार बारावी कुठून केली त्यावर! म्हणजे तेलगावचं पोरगं पुण्यात शिकलं तर ते 'उर्वरित महाराष्ट्र', त्याचाच चुलत भाऊ लातूरला शिकला तर 'मराठवाडा'. एकाच वाड्यातले दोघे. मागासांसाठी केलेला नियम, मागास पुढे गेल्यावर त्यांच्याच पायात आला.

त्या वर्षांत मला कुणी मार्क सांगून विचारलं की मी पहिल्यांदा विचारायचो, "बारावी कुठून?" लोकांना वाटायचं मी कॉलेजची चौकशी करतोय. अखेर 8 सप्टेंबर 2020 ला वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी विधिमंडळात ही पद्धत रद्द केल्याचं जाहीर केलं. मंत्री लातूरचेच, हा योगायोग म्हणा वा नका म्हणू.

मधल्या काळात परीक्षाही बदलली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीईटी आली, बारावीच्या मार्कांचं राज्य संपलं. मग 2013 ला नीट आली, त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टाने रद्द केली, म्हणून पुन्हा सीईटी. 2016 च्या एप्रिलमध्ये नीट परत आली, मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि राज्याच्या जागांसाठी त्या वर्षापुरती सीईटी वाचली. 2017 पासून फक्त नीट. ज्या मुलांनी अकरावीत एक परीक्षा धरून अभ्यास सुरू केला त्यांना बारावीत दुसरीच द्यावी लागली. राज्य बोर्डाच्या पुस्तकावर पोसलेल्या आमच्या पोरांना एनसीईआरटीची पुस्तकं शोधत फिरावं लागलं. त्यात जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, व्हॅलिडिटी. मराठा आरक्षण 2018 ला आलं, मे 2021 मध्ये सुप्रीम कोर्टात रद्द झालं, फेब्रुवारी 2024 ला नव्या कायद्याने दहा टक्के म्हणून परत आलं. बीड जिल्ह्यात या तारखांना काय अर्थ आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. तेच मार्क, तेच घर, पण 2019 चा नंबर वेगळा, 2022 चा वेगळा.

तरी सगळ्यात अवघड वर्ष 2024. पेपरफुटीचे आरोप, पहिल्या निकालात 720 पैकी 720 मिळवणारे 67 जण, लातूरमध्ये पोलिसांची कारवाई. जुलैत सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाकारली. मला जुन्या याद्या त्या वर्षी बाजूला ठेवाव्या लागल्या, कारण मार्क एवढे फुगले की आदल्या वर्षीचा कटऑफ निरुपयोगी. तेव्हापासून मी मार्क ऐकतच नाही, रँक विचारतो. मार्क ही पेपरची गोष्ट आहे, रँक माणसांची.

नात्यातल्या एका मुलीला त्या वर्षी सहाशेच्या वर मार्क होते. आदल्या साली एवढ्यात सरकारी कॉलेज मिळालं असतं, 2024 ला नाही मिळालं. मुलगा असता तर घरात चर्चाच झाली नसती: रिपीट. आमच्याकडे मुलांना दोन-दोन, तीन-तीन रिपीट मिळतात. मुलीसाठी मात्र बैठक बसली. तिचे आजोबा म्हणाले, "आयुर्वेदिकला घाला, डॉक्टर ते बी डॉक्टरच की." आत्याने वयाचा विषय काढला. वय म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. तिच्या वडिलांनी मला फोन केला, "दादा, खरं सांगा, औंदा गेली तर फुडच्या साली लागंल का?"

मी तिची रँक पाहिली, सरकारी जागा मोजल्या, 70:30 आता नाही हे सांगितलं आणि म्हणालो की माझ्या हिशेबाने एक वर्ष देण्यासारखं आहे. खात्री नाही म्हणून सांगितलं. दोघांना सांगितलं, मुलीलाही वेगळं. एक वर्ष ठरलं, एकच.

2025 चा पेपर भलताच अवघड निघाला. देशात पहिल्या आलेल्यालाच 686. हिचे मार्क आदल्या वर्षीपेक्षा शंभराहून जास्त खाली आले. निकालाच्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटली नव्हती म्हणतात. फोनवर मी रँक विचारली तर तिच्या वडिलांना ती बघायचं सुचलंच नव्हतं. मुलीनेच वाचून दाखवली, हळू आवाजात. आदल्या वर्षीपेक्षा ती बरीच पुढे होती.

नंबर गोंदियाला लागला, सरकारी कॉलेज. विदर्भातल्या या जागेचा विचारसुद्धा 2020 आधी तेलगावात कुणी केला नसता, त्या कप्प्यातल्या सत्तर टक्के जागा आमच्या नव्हत्याच. यादी लागल्यावर पुन्हा फोन आला. मला वाटलं फीबद्दल विचारतील, हॉस्टेलबद्दल विचारतील.

"दादा," ते म्हणाले, "हे गोंदिया नेमकं कोन्या बाजूला येतं?"