बोगनवेलीचे रंग आणि बायकांची नावं



नवतपा लागला, पारा ४५च्या आसपास गेला, की आपल्या नागपुरात कुंडीतली भली भली झाडं माना टाकतात. लकडगंजात वखारींच्या भिंतींवर आणि घरांच्या फाटकांवर चढलेली बोगनवेल मात्र तेव्हाही रंगलेली असते. पाणी थोडं कमी मिळालं तर उलट जास्तच बहरते. इतकी सोशिक, की तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं असं कुणाला वाटत नाही. आज तिच्या रंगांचा इतिहास सांगते. त्यात बायका बऱ्याच आहेत, पण त्यांना शोधावं लागतं.

आधी एक गंमत. आपण जिला बोगनवेलीची फुलं म्हणतो, ती फुलं नव्हेत. ती रंगीत पानं आहेत. तीन पानांच्या मधोमध ज्या बारीक पांढुरक्या नळ्या दिसतात, ती खरी फुलं. आणि या पानांतला रंग बीटातल्या रंगाच्याच कुळातला आहे. म्हणून बोगनवेलीत जांभळा, गुलाबी, लाल, केशरी, पिवळा असे सगळे रंग सापडतात, पण अस्सल निळा सापडत नाही.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६६मध्ये फ्रान्सहून बोगनव्हिल नावाच्या दर्यावर्दीच्या नेतृत्वाखाली पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम निघाली. फिलिबेर कोमरसाँ हे वनस्पतिशास्त्रज्ञ सोबत होते, आणि त्यांचा एक मदतनीसही. हा मदतनीस म्हणजे पुरुषाचा वेष केलेली झान बारे ही शेतकरी घरातली बाई. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी होती, म्हणून हे सोंग. १७६७मध्ये ब्राझीलच्या रिओ शहराजवळ ही वेल मिळाली. कोमरसाँचा पाय तेव्हा दुखावलेला होता, डोंगर चढणं जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे वेल प्रत्यक्ष गोळा केली ती झाननेच, असं काही अभ्यासक मानतात. वेलीला नाव मिळालं मोहिमेच्या प्रमुखाचं.

पुढे झान फ्रान्सला परतली आणि पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५मध्ये नौदलाने तिला पेन्शनही दिली. पण तिच्या नावाची वनस्पती शास्त्राच्या यादीत पक्की व्हायला २०१२ साल उजाडलं. ती आहे आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली एक रानवेल.

भारतात बोगनवेल १८६०च्या सुमारास आली. तेव्हा रंग म्हणजे जांभळ्या-गुलाबीच्या छटा. लाल आला तो वेगळ्याच वाटेने. १९१०च्या आसपास कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत मिसेस बट नावाच्या बाईंना किरमिजी रंगाची बोगनवेल दिसली. तिथून ती ट्रिनिदादला गेली आणि मग जगभर पोचली. तिचं नावच पडलं ‘मिसेस बट’. ही दोन जातींच्या आपोआप झालेल्या संकरातून आलेली, असं अभ्यासकांनी नंतर ठरवलं, आणि १९४४मध्ये या संकरित गटाला शास्त्रीय नावही बट बाईंवरूनच दिलं. आजच्या कितीतरी लाल, केशरी, सोनेरी बोगनवेली याच गोतावळ्यातल्या.

केशरी आणि सोनेरी रंग आला तो फांदीच्या लहरीने. एखाद्या झाडाची एखादीच फांदी अचानक वेगळा रंग घेऊन येते. ती कापून लावली, की नवा वाण तयार. बी लागत नाही, परागकणही लागत नाहीत. लागतो तो रोज झाडाकडे बघणारा डोळा. कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत १९४९मध्ये अशाच एका फांदीतून ‘मेरी पामर’ मिळाली. एकाच झाडावर पांढरा आणि गुलाबी, दोन्ही रंग. तुमच्या गल्लीतही ती असेल.

मुद्दाम संकर करणारे हौशी लोकही आपल्या देशात झाले. त्यांत मोठं नाव डॉ. बी. पी. पाल यांचं. ते गव्हाचे शास्त्रज्ञ, १९६५मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. नोकरी गव्हाची आणि हौस गुलाबाची नि बोगनवेलीची. दोन्हींचे नवे वाण त्यांनी काढले. बोगनवेलीच्या संकरात मोठी अडचण अशी, की ‘मिसेस बट’सारख्या वाणांना बी धरतच नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने कोल्चिसीन हे द्रव्य वापरून पेशीतल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली, तेव्हा कुठे अशा वांझ वाणांतून बी मिळू लागलं. ‘बेगम सिकंदर’ हा वाण त्याच संस्थेचा. आणि जगात कुठेही नवी बोगनवेल निघाली, तर तिच्या नावाची नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते.

आता या नावांकडे बघा. मिसेस बट. ‘मेरी पामर’ जिच्या फांदीतून निघाली, ती ‘मिसेस एच. सी. बक’. बाईंचा मान केला, पण पाटीवर लागलं नवऱ्याचं आडनाव, नवऱ्याची आद्याक्षरं. कार्ताहेनाच्या त्या बागेत ज्यांचा डोळा गेला, त्यांचं स्वतःचं पाळण्यातलं नाव पाटी सांगत नाही.

आणि आपल्याकडे तर पाटीच नसते. शेजारणीकडून फांदी आणली, लावली, जगली. विचारलं तर सांगतो, “लाल आहे” किंवा “ती दोन रंगांची.” कुणाच्या अंगणात एखादी फांदी वेगळ्या रंगाची निघालीही असेल, आणि छाटणीत गेलीही असेल.

म्हणून एवढं करा. फांदीचा रंग बदललेला दिसला, तर तिला दोरा बांधा. मृगाचा पाऊस पडला, की ती फांदी कापून वेगळ्या कुंडीत लावा. संकर करून बघायची हौस असेल, तर जास्वंदीपासून सुरुवात करा. सकाळी एका झाडाच्या फुलातले पराग मऊ ब्रशने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावा, आणि देठाला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर दोन्ही झाडांची नावं लिहायची. संकराच्या नोंदीत आईचं नाव आधी येतं, बापाचं नंतर. बागकामातली ही जुनी रीत आहे. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवरही स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लागू लागलंय.

रंग नवा निघाला, तर त्याला नाव द्या. आणि ते मिसेस अमुक-तमुक असं नको. स्वतःचं द्या, नाहीतर आईचं, आजीचं. जिचं कधी कुठल्या पाटीवर लागलं नाही, तिचं.