दानाची नोंद ठेवणाऱ्यांचे शिक्षण

लंडनमधील लेडी ॲन मोल्सन या धनिक विधवेने १६४३ साली अटलांटिक महासागरापलीकडे नुकत्याच स्थापन झालेल्या एका महाविद्यालयाला १०० पौंडांची देणगी दिली. या रकमेच्या उत्पन्नातून एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा निर्वाह व्हावा, अशी तिची इच्छा होती. ते महाविद्यालय म्हणजे आजचे हार्वर्ड विद्यापीठ. इंग्लंडमध्ये देणग्या मागण्यासाठी पाठवलेल्या प्रतिनिधींनी आपले काम चोख केले होते. सांभाळणारे कमी पडले. रक्कम वसाहतीच्या सरकारी खजिन्यात गेली आणि दीर्घकाळ तेथेच अडकून राहिली. मोल्सनबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, हार्वर्डशेजारच्या स्त्रियांच्या महाविद्यालयाला त्यांचे माहेरचे रॅडक्लिफ हे आडनाव देण्यात आले.

अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी झालेल्या निधिसंकलनाची ही अगदी आरंभीची कथा. मागणे आणि मिळालेले सांभाळणे, अशी या व्यवसायाची दोन अंगे तीत स्पष्ट दिसतात. पहिल्या अंगाला प्रतिष्ठा आहे. दुसरे अंग म्हणजे देणगीची नोंद, पावती, पत्त्यांचा साठा, हेतूप्रमाणे विनियोग आणि वर्षअखेरचा ताळेबंद. हे काम करणाऱ्यांनाही रीतसर शिक्षण लागते, ही जाणीव मात्र बरीच उशिरा आली आणि अजूनही ती पुरती रुजलेली नाही.

वार्षिक निधी म्हणजे काय?

येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० मध्ये 'ॲलम्नाय फंड' सुरू केला. वार्षिक निधीच्या प्रथेचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानला जातो. कल्पना साधी होती. एखाद्या धनिकाने इमारत बांधून देण्याची वाट पाहण्यापेक्षा प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दरवर्षी यथाशक्ती काही द्यावे आणि विद्यापीठाने ते चालू खर्चासाठी वापरावे. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने, आपला कर्मचारी स्वतःच्या महाविद्यालयाला जेवढी देणगी देईल तेवढीच भर आपण घालू, अशी योजना आणली. पुढे अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करण्याची 'फोनाथॉन' ही पद्धत अनेक दशके या कामाचा कणा होती. मोबाइल आल्यावर अनोळखी क्रमांक उचलणे लोकांनी सोडले आणि तिचे बळ ओसरले. तिच्या जोडीला एका दिवसाची देणगी-मोहीम, म्हणजेच 'गिव्हिंग डे', आली. कोलंबिया विद्यापीठाने २०१२ मध्ये तसा दिवस पाळला आणि इतरांनी तो उचलला.

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांना सुमारे ६,१५० कोटी डॉलरच्या देणग्या मिळाल्या. त्यांतील मोठा हिस्सा प्रतिष्ठाने आणि मोजके धनिक यांचा असतो. पंचवीस-पन्नास डॉलर देणाऱ्यांचा वाटा त्यापुढे किरकोळच वाटतो. मग त्यांच्यामागे एवढी यंत्रणा का? कारण देण्याची सवय येथे लागते. आज मोठी रक्कम देणाऱ्या माजी विद्यार्थ्याची जुनी नोंद काढली, तर आरंभी अनेकदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक लहानसा धनादेश सापडतो. त्या धनादेशाची पावती वेळेवर गेली होती की नाही, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

या क्षेत्राची स्वतःची बोलीही आहे. गेल्या वर्षी दिले, पण दुर्दैवाने यंदा दिले नाही, अशा देणगीदारास तेथे 'लायबंट' म्हणतात. पूर्वी कधीतरी दिले, पण यंदा नाही, तो 'सायबंट'. इंग्रजी आद्याक्षरांतून घडलेले हे शब्द ऐकताना हसू येते, परंतु वार्षिक निधीच्या कार्यालयात वर्षाचे निम्मे नियोजन या दोन याद्यांभोवतीच फिरते.

पावतीमागचे शास्त्र

या पडद्यामागच्या विभागास तेथे 'ॲडव्हान्समेंट सर्व्हिसेस' असे नाव आहे. तेथील कर्मचाऱ्याला काय काय ठाऊक असावे लागते, याची कल्पना वाचकांना काही उदाहरणांवरून येईल.

देणगी कोणत्या दिवशी झाली, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न घ्या. टपालाने आलेल्या धनादेशाच्या बाबतीत तो टपालात टाकल्याचा दिवस धरतात. म्हणून ३१ डिसेंबरचा शिक्का असलेले पाकीट जानेवारीत उघडले, तरी करसवलत जुन्या वर्षाची मिळते आणि पाकीट फेकून देणारा नवखा कारकून देणगीदाराचे नुकसान करतो. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेची तारीख ती रक्कम कार्डावर पडल्याची. शेअर दिले असतील, तर त्या दिवशीच्या सर्वोच्च व नीचतम भावांची सरासरी काढून किंमत ठरवावी लागते. देणगी २५० डॉलर वा त्याहून अधिक असेल, तर संस्थेच्या लेखी पोचेवाचून करसवलत मिळत नाही, आणि देणगीच्या बदल्यात काही वस्तू वा सेवा दिली की नाही याचा उल्लेख त्या पोचेत असावा लागतो. हा नियम १९९४ पासून लागू झाला. देणगीदाराला मेजवानीचे आमंत्रण दिले असेल आणि त्याने भरलेली रक्कम ७५ डॉलरहून अधिक असेल, तर जेवणाची किंमत वजा करून उरलेलीच रक्कम करसवलतीस पात्र आहे, हेही संस्थेने कळवायचे असते.

श्रेय कोणाचे, हा याहून नाजूक विषय. पत्नी माजी विद्यार्थिनी आहे, धनादेश पतीच्या खात्याचा आहे. किंवा रक्कम कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडून आली आहे. किंवा निम्मी रक्कम मालक कंपनीने घातली आहे. अशा वेळी करविषयक पोच कायदेशीर दात्याच्याच नावे जाते, आणि ज्याच्यामुळे देणगी आली त्याच्या खात्यावर केवळ मानाचे श्रेय नोंदवले जाते. या दोहोंची गल्लत झाली, तर एकाच रकमेबद्दल दोघांना करपावती जाते किंवा जिने आपल्या महाविद्यालयाची आठवण ठेवली तिचे आभार मानायचे राहूनच जातात.

आणि सर्वांत साधी चूक सर्वांत जिव्हारी लागते. वडिलांच्या निधनानंतर सहा महिन्यांनी त्यांच्याच नावे देणगीची विनंती करणारे हसतमुख पत्र घरी येते, तेव्हा त्या कुटुंबाशी असलेला विद्यापीठाचा ऋणानुबंध बहुधा तेथेच संपतो. निधनाची वार्ता विभागाला कळलेली असते. ती कोणत्या रकान्यात भरायची, हे कोणी शिकवलेले नसते.

शिक्षणाच्या वाटा

या व्यवसायात ठरवून येणारे विरळा. बरेच जण विद्यार्थिदशेत फोनाथॉनच्या खोलीत बसलेले असतात आणि पदवीनंतर तेथेच नोकरीला लागतात. त्यामुळे शिक्षण नोकरीनंतरच सुरू होते.

माजी विद्यार्थी संपर्क आणि जनसंपर्क या क्षेत्रांतील दोन जुन्या संघटना एकत्र येऊन १९७४ मध्ये 'केस' ही संस्था स्थापन झाली. तिचे पूर्ण नाव 'कौन्सिल फॉर ॲडव्हान्समेंट अँड सपोर्ट ऑफ एज्युकेशन'. परिषदा, अभ्यासवर्ग आणि देणग्या मोजण्याचे प्रमाणित नियम हे तिचे मुख्य काम. कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम वेगळी दाखवावी, हे त्यातील साधे पण वारंवार मोडले जाणारे तत्त्व. २०२१ मध्ये हे नियम जगभरच्या संस्थांसाठी एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्याच १९७४ साली हेन्री रोसो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'फंड रेझिंग स्कूल' सुरू केले. ते १९८७ मध्ये इंडियाना विद्यापीठात गेले आणि एका पाठशाळेतून पुढे दानधर्म या विषयाचे स्वतंत्र विद्यापीठीय अध्ययन उभे राहिले.

'सीएफआरई' ही प्रमाणपत्र परीक्षा १९८१ पासून आहे. तीस बसण्यासाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो आणि दर तीन वर्षांनी, दरम्यान घेतलेले शिक्षण दाखवून, प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते तिचा कल देणगी मिळवणाऱ्याकडे झुकलेला आहे. नोंद ठेवणाऱ्याला तीत आपले रोजचे काम थोडेच सापडते. ही उणीव ओळखूनच ॲडव्हान्समेंट सर्व्हिसेसमधील मंडळींनी आणि देणगीदारांविषयी संशोधन करणाऱ्यांनी आपापल्या वेगळ्या संघटना उभारल्या.

परिषदा आणि प्रमाणपत्रे यांपेक्षा कार्यालयातले शिक्षण अधिक टिकते, असे जाणकार सांगतात. देणगी स्वीकारण्याचे धोरण नव्या माणसाकडून ओळीने वाचून घेणे, प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती ठेवणे, डिसेंबरच्या गर्दीपूर्वी एकमेकांची कामे शिकवून ठेवणे आणि वर्षातून काही दिवस नोंद ठेवणाऱ्याला देणगीदाराच्या भेटीस व देणगी मागणाऱ्याला नोंदीच्या टेबलावर बसवणे, एवढे झाले तरी पुष्कळ. प्रत्यक्षात खर्चकपात आली की प्रशिक्षणाची तरतूद प्रथम जाते, आणि उरलेल्या पैशात मागणारा परिषदेला जातो, तर नोंद ठेवणाऱ्याच्या वाट्याला नव्या सॉफ्टवेअरची ओळख तेवढी येते.

विश्वासाची किंमत

या कंजुषीची किंमत कधी कधी फार मोठी असते. चार्ल्स व मेरी रॉबर्टसन या दाम्पत्याने १९६१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाला साडेतीन कोटी डॉलर दिले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शासकीय सेवेसाठी, विशेषतः परराष्ट्र व्यवहारांसाठी, तयार करावे, हा त्यामागील हेतू. पैसा या हेतूबाहेर खर्च होतो, असा आरोप करून त्यांच्या मुलांनी २००२ मध्ये न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठाने तो अमान्य केला. सहा वर्षांनी, डिसेंबर २००८ मध्ये, तडजोड झाली: कुटुंबाच्या कायदेशीर खर्चापोटी सुमारे ४ कोटी डॉलर आणि नव्या प्रतिष्ठानासाठी ५ कोटी डॉलर द्यायचे ठरले, उरलेला निधी प्रिन्स्टनकडे राहिला. दोष कोणाचा, हा वाद बाजूला ठेवला, तरी देणगीच्या कागदातील एकेका वाक्याचा अर्थ आणि चाळीस वर्षांतील खर्चाच्या नोंदी न्यायालयात मांडाव्या लागल्या, ही गोष्ट उरतेच.

दुसरा धडा २०२० मधला. अनेक विद्यापीठांच्या देणगीदारांची माहिती सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले होते, हे त्या वर्षीच्या जुलैत उघड झाले. कंपनीने खंडणी भरली. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतील राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तिला ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. देणगीदारांना पत्रे लिहून घडला प्रकार समजावण्याचे काम मात्र विद्यापीठांतील याच कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आले. माहितीची सुरक्षितता हा त्यानंतर प्रशिक्षणातील ऐच्छिक विषय राहिला नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्राला लहान देणग्यांची परंपरा नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुठी-मुठीने धान्य गोळा करून वसतिगृहे चालवली. आता देणारा न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात असतो आणि रकमाही बदलल्या आहेत. नंदन निलेकणी यांनी जून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. त्यासारख्या संस्थांकडे माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय व अधिष्ठाता असतात. इतर महाविद्यालयांत 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाची विचारणा होऊ लागल्यावर मेळावे सुरू झाले. नोंदींची व्यवस्था त्या वेगाने उभी राहिली नाही.

नियम मात्र गुंतागुंतीचेच आहेत. एकाच वर्गातील दोन मित्र अमेरिकेत राहतात. एकाकडे भारतीय पारपत्र आहे, दुसऱ्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे. पहिल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत, दुसऱ्याचे ठरतात. ते घेण्यासाठी संस्थेला विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यात यावी लागते. म्हणजे माजी विद्यार्थ्याच्या नोंदीत नागरिकत्वाचा रकाना हवा, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा विचारून भरायला हवा. प्राप्तिकर खात्याने २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीच्या देणग्यांचे वार्षिक विवरणपत्र बंधनकारक केले, तेव्हा त्यात प्रत्येक देणगीदाराची ओळख, रक्कम आणि देणगी कायम निधीसाठी आहे, विशिष्ट कामासाठी आहे की अन्य स्वरूपाची, हेही मागितले. उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क ठेवले. अनेक महाविद्यालयांत हे विवरणपत्र शुल्क आणि शिष्यवृत्त्यांचा हिशेब पाहणारा लेखा विभागातील तोच एक कारकून मे महिन्यात, प्रवेशाच्या तयारीतून वेळ काढून भरतो.